इंग्रजी कवितेतले अलंकार: पाठ न करता ओळखायला कसं शिकायचं

नववी-दहावीच्या इंग्रजीच्या गाइडमध्ये शेवटी एक तक्ता असतो. एका बाजूला ‘फिगर ऑफ स्पीच’चं नाव, दुसऱ्या बाजूला व्याख्या आणि एखादं उदाहरण. मुलं तो तक्ता परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात. पेपरात पुस्तकातलीच कविता आली तर निभावतं. अनोळखी ओळ आली की व्याख्या तोंडपाठ असूनही ओळीतल्या नेमक्या कोणत्या शब्दावर बोट ठेवायचं ते कळत नाही. अलंकाराचा अभ्यास म्हणजे खरं तर या बोट ठेवण्याचाच सराव. व्याख्या त्यामागून आपोआप येते.

मराठी माध्यमातल्या किंवा मराठी विषय घेतलेल्या मुलांचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. उपमा, रूपक, अतिशयोक्ती, चेतनगुणोक्ती, अनुप्रास, यमक, विरोधाभास हे सगळं त्यांनी मराठी व्याकरणात शिकलेलं असतं. पण मराठीचा तास संपला की ती वही बंद होते आणि इंग्रजीच्या तासाला तीच मुलं सिमिली, मेटाफर ही नावं कोऱ्या पाटीने ऐकतात. म्हणून मी शिकवताना मराठी अलंकारांपासूनच सुरुवात करतो. मात्र तीन-चार ठिकाणी मराठीतलं ज्ञान इंग्रजीत चकवा देतं. ती ठिकाणं पुढे येतीलच.

सगळं एकाच कवितेवर करून पाहू. आल्फ्रेड टेनिसनची ‘द ईगल’ ही 1851 साली छापलेली कविता फक्त सहा ओळींची आहे:

ही क्लास्प्स द क्रॅग विथ क्रुकेड हँड्स;
क्लोज टू द सन इन लोनली लँड्स,
रिंग्ड विथ द अ‍ॅझर वर्ल्ड, ही स्टँड्स.

द रिंकल्ड सी बिनीथ हिम क्रॉल्स;
ही वॉचेस फ्रॉम हिज माउंटन वॉल्स,
अँड लाइक अ थंडरबोल्ट ही फॉल्स.

आधी अर्थ, मग अलंकार

पहिल्या वाचनात अलंकार शोधायचे नाहीत. कविता दोनदा मोठ्याने वाचायची आणि शेजारी साध्या मराठीत काय चाललंय ते लिहायचं: गरुडाने वाकड्या हातांनी सुळका घट्ट धरला आहे. तो सूर्याजवळ, एकाकी प्रदेशात, निळ्याशार आसमंताने वेढलेला उभा आहे. खाली सुरकुतलेला समुद्र सरपटतो आहे. गरुड आपल्या डोंगरभिंतींवरून पाहतो आणि वज्रासारखा खाली कोसळतो.

हे लिहितानाच काही शब्द खटकतात. गरुडाला हात कुठून आले? समुद्राला सुरकुत्या कशा पडतील? तो सरपटेल कसा? कोणी सूर्याजवळ उभं राहू शकतं का? खटकलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. शब्दशः अर्थ घेतला की जिथे वाक्य खोटं पडतं, तिथे बहुतेक वेळा अलंकार असतो. या एका सवयीवर निम्म्याहून जास्त काम होतं, म्हणून ही पायरी घाईत उरकू नका.

राइम स्कीम: कानाने ठरवायची, डोळ्यांनी नाही

प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दाला अक्षर द्यायचं. पहिल्याला ‘ए’, पुढचा त्याच्याशी जुळला तर पुन्हा ‘ए’, नाही तर ‘बी’. ‘द ईगल’मध्ये हँड्स, लँड्स, स्टँड्स आणि मग क्रॉल्स, वॉल्स, फॉल्स. म्हणजे ए-ए-ए, बी-बी-बी. मोरोपंतांच्या ‘सुसंगती सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो’मध्ये घडो, पडो, झडो, नावडो जसे जुळतात, तसाच हा प्रकार.

चूक होते ती स्पेलिंगमुळे. ‘कम’ आणि ‘होम’ या दोन्ही शब्दांची शेवटची तीन अक्षरं सारखीच आहेत, पण ते जुळत नाहीत. ‘डॉटर’ आणि ‘लाफ्टर’ कागदावर जुळे दिसतात, पण उच्चारात त्यांचं नातं नाही. उलट ‘डॉटर’ आणि ‘वॉटर’ स्पेलिंग वेगळं असूनही जुळतात. यावर देवनागरी हा सोपा उपाय आहे: ओळींचे शेवटचे शब्द समासात देवनागरीत लिहा. देवनागरी उच्चाराप्रमाणे चालते, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगचा पडदा दूर होतो. रॉबर्ट फ्रॉस्टच्या ‘द रोड नॉट टेकन’च्या पहिल्या कडव्यातले शेवटचे शब्द असे लिहून पाहा: वुड, बोथ, स्टुड, कुड, अंडरग्रोथ. स्पेलिंगमध्ये ‘कुड’ परका वाटतो, कारण त्यात न उच्चारला जाणारा ‘एल’ आहे. देवनागरीत मात्र ए-बी-ए-ए-बी लगेच दिसतं. उच्चाराची खात्री नसेल तर मोबाइलवरच्या शब्दकोशात ध्वनिफीत ऐका. अंदाजाने अक्षर देऊ नका.

काही कविता जुळतच नाहीत. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’ नाटकातलं ‘ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज’ हे भाषण यमकाशिवायचं आहे, पण त्याला ठरावीक लय आहे. त्याला ब्लँक व्हर्स म्हणतात. यमकही नाही आणि बांधीव लयही नाही, तर ती फ्री व्हर्स, म्हणजे आपला मुक्तछंद. अशा वेळी ओढूनताणून ए-बी लिहिण्यापेक्षा कवितेत राइम स्कीम नाही असं सरळ लिहिलेलं बरं.

नाद: इथे अनुप्रास थोडा फसवतो

मराठीत एखादं अक्षर ओळीत कुठेही पुन्हा पुन्हा आलं आणि नाद निर्माण झाला की आपण अनुप्रास म्हणतो. इंग्रजी अलिटरेशनची अट कडक आहे: जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच व्यंजनध्वनी यायला हवा. ‘क्लास्प्स द क्रॅग विथ क्रुकेड’ यात ‘क’ तीनदा शब्दारंभी येतो, म्हणून अलिटरेशन. तोच ‘क’ शब्दांच्या पोटात किंवा शेवटी आला तर त्याला कॉन्सोनन्स म्हणतात, आणि स्वर पुन्हा पुन्हा आले तर असोनन्स. शाळेच्या पातळीवर या दोघांवर फार वेळ घालवू नका.

इथेही अक्षर पाहायचं नाही, ध्वनी ऐकायचा. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही ‘सी’ने सुरू होतात, तरी अलिटरेशन नाही. ‘फोन’ आणि ‘फिश’ वेगळ्या अक्षरांनी सुरू होऊनही जमतात. पुन्हा देवनागरीच कामाला येते: शब्दांची पहिली अक्षरं देवनागरीत सारखी आली तर बहुधा तुमचं उत्तर बरोबर.

ओनोमॅटोपिया आपल्याला अवघड जायला नको. खळखळ, कडकड, टपटप, रिमझिम असे शब्द मराठीत पायलीने आहेत. इंग्रजीत बझ, हिस, मर्मर, स्प्लॅश. अट एकच: शब्दाच्या उच्चारात तो आवाज ऐकू यायला हवा. ‘नॉइज’ किंवा ‘साँग’ हे आवाजाबद्दलचे शब्द आहेत, पण त्यांच्या उच्चारात तो आवाज नाही. त्यामुळे ते चालत नाहीत.

तुलना: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

परीक्षेत सर्वांत जास्त विचारले जातात सिमिली, मेटाफर आणि पर्सॉनिफिकेशन. तिघांचं मूळ एकच, एका गोष्टीत दुसरी पाहणं. फरक आहे तो सांगण्याच्या पद्धतीत.

मराठीत उपमेचे चार भाग शिकवतात: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यसूचक शब्द. सिमिलीसाठी हेच चार रकाने वहीत आखा. ‘अँड लाइक अ थंडरबोल्ट ही फॉल्स’: उपमेय गरुड, उपमान वज्र किंवा कोसळणारी वीज, सूचक शब्द ‘लाइक’, आणि साधारण धर्म म्हणजे अचानक, प्रचंड वेगाने येणारा घाव. साधारण धर्माचा रकाना भरता आला नाही तर ओळ समजलेली नाही असं धरा. वर्ड्‌स्वर्थच्या 1807 साली छापलेल्या डॅफोडिल्सच्या कवितेत ‘आय वाँडर्ड लोनली अ‍ॅज अ क्लाउड’ आहे. इथे साधारण धर्म कवीनेच सांगून टाकलाय: एकाकीपण.

आता सिमिलीचे सापळे. ‘आय लाइक मँगोज’मधलं ‘लाइक’ क्रियापद आहे, तिथे तुलना नाही. ‘अ‍ॅज ही फेल’मध्ये ‘अ‍ॅज’चा अर्थ ‘तेव्हा’. आणि ‘ही इज अ‍ॅज टॉल अ‍ॅज हिज ब्रदर’ ही तुलना असली तरी अलंकार नाही, कारण माणसाची तुलना माणसाशीच, मोजता येईल अशी, केली आहे. सिमिलीत दोन्ही गोष्टी वेगळ्या जातीच्या हव्यात. आणखी एक: मराठीत ‘जणू’, ‘वाटे’, ‘गमे’ आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. शाळेच्या इंग्रजीत त्यासाठी वेगळा कप्पा नाही. ‘अ‍ॅज इफ’ने केलेली अलंकारिक तुलना सिमिलीतच घालतात.

सूचक शब्द काढून टाकला आणि एक गोष्ट म्हणजे दुसरीच असं थेट म्हटलं की मेटाफर. ‘ऑल द वर्ल्ड्स अ स्टेज’: जग रंगमंचासारखं नाही, जग रंगमंचच आहे. पुढच्या ओळीत स्त्री-पुरुष नट होतात, मग त्यांचे प्रवेश आणि निर्गमनं येतात. एकच रूपक असं लांबत गेलं तर एक्स्टेंडेड मेटाफर. मेटाफर नेहमी ‘इज’ घेऊनच येतो असं मात्र नाही. टेनिसनने डोंगराच्या कड्यांना ‘माउंटन वॉल्स’ म्हटलं, तेव्हा गरुडाचा डोंगर किल्ला झाला. वाक्यात ‘इज’ कुठेच नाही. कार्ल सँडबर्गच्या ‘फॉग’मध्ये (ही कविता 1916 च्या ‘शिकागो पोएम्स’ संग्रहातली) धुकं मांजरीच्या पावलांनी येतं. तिथेही ‘धुकं मांजर आहे’ असं वाक्य नाही, तरी पूर्ण कविता त्याच रूपकावर उभी आहे.

पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती हे बरोबर, पण मराठीच्या व्याख्येतला ‘निर्जीव’ हा शब्द मुलांना अडकवतो. गरुड जिवंत आहे, मग त्याला हात दिले तर पर्सॉनिफिकेशन होईल का? होईल. इंग्रजीत निर्जीव वस्तू, प्राणी, झाडं, आणि मृत्यू, काळ, न्याय यांसारख्या कल्पना, यांपैकी कशालाही माणसाचे अवयव, भावना किंवा कृती दिल्या की पर्सॉनिफिकेशन. जेम्स शर्लीच्या सतराव्या शतकातल्या एका कवितेत मृत्यू राजांवर आपला बर्फगार हात ठेवतो. मृत्यू वस्तूही नाही, प्राणीही नाही, तरी अलंकार हाच.

‘क्रुकेड हँड्स’ला कुणी मेटाफर म्हणालं तर? नख्यांना हात म्हटलंय, म्हणजे तेही चुकीचं नाही. ‘रिंकल्ड सी’चंही तसंच: उंचावरून पाहिल्यावर लाटा सुरकुत्यांसारख्या दिसतात म्हणून मेटाफर, समुद्राला म्हातारं शरीर मिळालं म्हणून पर्सॉनिफिकेशन. एका ओळीत दोन-तीन अलंकार सहज नांदतात. तुम्हाला ज्याचं स्पष्टीकरण नीट देता येईल तो लिहा.

अतिशयोक्ती आणि विरोध

‘दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं’ पासून ‘त्यात उंट पोहून गेला’ पर्यंतचं गाणं ज्याने ऐकलंय, त्याला हायपरबोली वेगळी शिकवायला नको. ‘क्लोज टू द सन’ ही हायपरबोली. वर्ड्‌स्वर्थ एका नजरेत दहा हजार फुलं पाहतो, तीही. रॉबर्ट बर्न्सचा प्रियकर सगळे समुद्र आटेपर्यंत प्रेम करणार असतो, तीही.

विरोधाच्या बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा बारीक कप्पे करते. दोन विरुद्ध शब्द एकमेकांना चिकटून आले तर ऑक्सिमोरॉन: शेक्सपिअरचं ‘स्वीट सॉरो’, गोड दुःख. पूर्ण विधान वरकरणी अशक्य वाटतं पण विचार केल्यावर खरं ठरतं, तेव्हा पॅराडॉक्स: वर्ड्‌स्वर्थचं ‘द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’. भा. रा. तांब्यांचं ‘मरणात खरोखर जग जगते’ आपण विरोधाभासाचं उदाहरण म्हणून शिकतो. इंग्रजीत ते पॅराडॉक्समध्ये जाईल. आणि दोन विरुद्ध कल्पना एकाच घडणीच्या वाक्यखंडांत समोरासमोर ठेवल्या, पण त्यात अशक्य काहीच नसलं, तर अँटिथिसिस: अलेक्झांडर पोपचं ‘टू अर इज ह्यूमन, टू फर्गिव्ह डिव्हाइन’. चूक माणसाची, क्षमा देवाची. यात कोडं नाही, फक्त तोल आहे.

मुलं सोडून देतात ते अलंकार

मेटोनिमी आणि सिनेकडकी ही नावं ऐकून मुलं पान उलटतात. खरं तर मराठीच्या शब्दशक्तीत लक्षणा शिकताना हे होऊन गेलेलं असतं. ‘बाबा ताटावर बसले’ म्हणजे जेवायला बसले. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ म्हणजे तितक्या बायका विधवा झाल्या. संबंध असलेल्या वस्तूने मूळ गोष्ट सुचवली की मेटोनिमी: मुकुट म्हणजे राजसत्ता, ‘पेन’ म्हणजे लेखन, ‘सोर्ड’ म्हणजे युद्ध. भागाने पूर्ण सुचवलं तर सिनेकडकी: ‘हँड्स’ म्हणजे कामगार. दोघांतली सीमा पुसट आहे, तिथे शिक्षकांचीही मतं वेगळी असतात. त्यावर रात्र घालवू नका.

ट्रान्सफर्ड एपिथेट मात्र मला फार आवडतो. थॉमस ग्रेच्या 1751 च्या एलजीत, म्हणजे शोकगीतात, नांगरणारा शेतकरी घरी निघतो: ‘द प्लाउमन होमवर्ड प्लॉड्ज हिज वीअरी वे’. दमलेली वाट? दमलाय तो माणूस. विशेषण उचलून वाटेला लावलंय. आपण ‘बेचैन रात्र’ म्हणतो तेव्हा हेच करतो.

या ओळीत इन्व्हर्जनही आहे, कारण ‘होमवर्ड’ हा शब्द क्रियापदाच्या आधी आलाय. इन्व्हर्जन म्हणजे नेहमीच्या शब्दक्रमात बदल, आणि मराठी मुलांच्या हातून तो सर्वांत जास्त निसटतो. त्याला कारण आहे. ‘लाइक अ थंडरबोल्ट ही फॉल्स’ याचं मराठी ‘वज्रासारखा तो कोसळतो’. आपल्या भाषेत क्रियापद शेवटीच येतं, त्यामुळे इंग्रजीतला हा उलटा क्रम आपल्याला सुलट वाटतो. उपाय असा: ओळ साध्या गद्य इंग्रजीत पुन्हा लिहा. आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं. ‘ही फॉल्स लाइक अ थंडरबोल्ट.’ शब्द हलवावे लागले तर इन्व्हर्जन.

अपॉस्ट्रॉफी म्हणजे समोर नसलेल्या व्यक्तीला, देवाला, वस्तूला किंवा कल्पनेला थेट हाक मारणं. ‘लहानपण देगा देवा’ ऐकवलं की मुलांना एका झटक्यात कळतं. वर्ड्‌स्वर्थ आधीच्या काळातल्या मिल्टन या कवीला हाक मारतो, तेव्हा मिल्टन जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षं झालेली होती. पण शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातल्या अँटनीचं ‘फ्रेंड्स, रोमन्स, कंट्रीमेन’ अपॉस्ट्रॉफी नाही, कारण ती माणसं त्याच्या पुढ्यात उभी आहेत. त्याच ओळीत तो पुढे कान उसने मागतो. कान म्हणजे लक्ष; ती मेटोनिमी.

उत्तर लिहिताना

नुसतं नाव लिहून थांबू नका. तीन गोष्टी लागतात: अलंकाराचं नाव, ओळीतले नेमके शब्द अवतरणचिन्हांत, आणि ते शब्द काय करतात याचं एक वाक्य. स्पष्टीकरणासाठी थोडे साचे पुरतात. सिमिलीला ‘द पोएट कम्पेअर्स अमुक टू तमुक, यूझिंग द वर्ड लाइक’. मेटाफरला ‘इम्प्लाइड कम्पॅरिझन’. पर्सॉनिफिकेशनला ‘इज गिव्हन ह्यूमन क्वालिटीज’. अलिटरेशनमध्ये ‘साउंड ऑफ द लेटर’ असं म्हणून कोणता ध्वनी ते लिहा. साचा तोच ठेवला तरी रिकाम्या जागा दरवेळी त्या ओळीने भरायला हव्यात.

रसग्रहणात मध्यवर्ती कल्पना लिहिताना कवी आणि कवितेतला बोलणारा यांची सरमिसळ करू नका. ‘मी’ म्हणणारा प्रत्येक वेळी कवीच असतो असं नाही. शंका असेल तिथे ‘द स्पीकर’ लिहा.

सरावाला चार ओळी

आठवड्याला एक छोटी कविता वरच्या क्रमाने सोडवा: अर्थ, शेवटचे शब्द देवनागरीत, नाद, तुलना, मग उरलेलं. आज ही घ्या. कोलरिजच्या ‘एन्शंट मरिनर’मधलं कडवं आहे, कविता पहिल्यांदा 1798 साली छापली गेली:

द फेअर ब्रीझ ब्ल्यू, द व्हाइट फोम फ्ल्यू,
द फरो फॉलोड फ्री;
वी वेअर द फर्स्ट दॅट एव्हर बर्स्ट
इंटू दॅट सायलेंट सी.

उत्तरं पाहण्याआधी वही घ्या.

शेवटचे शब्द फ्ल्यू, फ्री, बर्स्ट, सी. दुसरी आणि चौथी ओळ जुळते, म्हणून ए-बी-सी-बी. पण ओळीच्या पोटातही ब्ल्यू-फ्ल्यू आणि फर्स्ट-बर्स्ट जुळतात. त्याला इंटर्नल राइम म्हणतात. ‘फोम फ्ल्यू’, ‘फरो फॉलोड फ्री’ हे ‘फ’चं अलिटरेशन, ‘ब्रीझ ब्ल्यू’ हे ‘ब’चं, ‘सायलेंट सी’ हे ‘स’चं. ‘फरो’ म्हणजे नांगराचं तास; जहाजामागे पाण्यात उठणाऱ्या रेघेला कवीने ते नाव दिलंय, म्हणून मेटाफर. ‘सायलेंट सी’ला पर्सॉनिफिकेशन म्हणता येईल, पण शांत समुद्र हे साधं वर्णनही असू शकतं. एकच अलंकार लिहायचा असेल तर तो सोडा आणि ‘फरो फॉलोड फ्री’ घ्या.